वेदीकडे पाठ

१

मिस्त्रीचे गुडघे हा घरात थट्टेचा विषय होता. तीस वर्षं फरश्या बसवून त्यांवर असे घट्टे पडले होते, की बायको म्हणायची, "अहो, चपला पायांत कशाला, गुडघ्यांनाच बांधत जा." सकाळी नऊला चामड्याच्या गाद्या बांधून माणूस जो खाली टेकायचा तो जेवायला उठायचा, आणि मग पुन्हा सहापर्यंत खालीच. रविवारी मिस्सेला मात्र सगळं चर्च गुडघ्यांवर गेलं, की हा पठ्ठ्या बाकावर ऐसपैस बसून राहायचा. कोणी डोळे वटारले तर म्हणायचा, "आठवडाभर तेच करतो मी. देवाला काय माहीत नाही होय?"

अशा माणसाला चर्चच्याच फरशीचं काम मिळालं. सगळी फरशी नाही, फक्त मधली वाट. मोठ्या दारापासून वेदीच्या पायरीपर्यंतची, सहा फूट रुंद, जिच्यावरून नवऱ्यामुली आत येतात आणि शवपेट्या बाहेर जातात ती. जुने तडकलेले दगड आधीच उपसून टाकले होते. नवे करडे दगड बसवायचे, दोन फूट लांब, दोन फूट रुंद, एका ओळीत तीन. अशा चोवीस ओळी. रोजच्या पाच धरल्या तर पाच दिवसांचं काम, आणि त्यात मिस्त्रीला काही विशेष वाटलं नाही.

पहिल्या सकाळी फादर आले. तरुण, हडकुळे, नेहमी घाईत असल्यासारखे. म्हणाले, "वेदीवरच्या पेटीतली पवित्र भाकर आम्ही शेजारच्या सभागृहात नेली आहे. तिच्यापुढचा अखंड दिवाही मालवलाय. तेव्हा आता इथे नुसत्या चार भिंती आहेत. चपला घालून खुशाल फिरा. शिव्या तेवढ्या जपून द्या."

"म्हणजे देवानेही घर बदललं म्हणायचं," मिस्त्रीचा मेहुणा म्हणाला. "सामान हलवताना काही फुटलं नाही ना, फादर?"

फादर हसले. मिस्त्रीही हसला. त्याने मेहुण्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाला, "जावईबापू, तोंड कमी, हात जास्त."

हा मेहुणा म्हणजे मिस्त्रीच्या धाकट्या बहिणीचा, चिमीचा नवरा. दोन वर्षांपूर्वी तो तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून पडला. उजव्या गुडघ्याचा पार चुरा झाला, आणि डॉक्टरांनी मांडीपासून नडगीपर्यंत एक सळई घालून तो गुडघा कायमचा सरळ करून टाकला. पाय वाचला, पण वाकायचा म्हणून नाही. जेवायला बसला तरी तो पाय पुढे काढलेला, कोणी ना कोणी अडखळायचंच. कामावर कोणी घेईना. शेवटी चिमी भावाकडे आली. "दादा, याला तुझ्यासोबत ने. तुझं जमिनीवरचं काम. तिथून तो कुठे पडणार? पण एक सांगते, जसा नेतोस तसा मला परत आणून द्यायचा. आता याचं आणखी काही मोडलं ना, तर मी नाही रे उभी राहणार." मिस्त्रीने तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला होता. म्हणून मेहुणा उभ्याने कटर चालवायचा, दगड कापून आणून द्यायचा, आणि मिस्त्री बसवायचा.

आता फरशी बसवण्याची एक रीत असते. अख्खा दगड दाराशी लागतो आणि कापलेला तुकडा आतल्या टोकाला लपतो, कारण आत शिरणाऱ्याची पहिली नजर दाराशी पडते. आणि बसवणारा नेहमी मागे सरकतो. बसवलेले दगड त्याच्या तोंडासमोर, मोकळी जमीन पाठीशी. म्हणजे दारापासून सुरुवात करायची आणि मागे मागे सरकत वेदीपर्यंत यायचं. मिस्त्रीने सगळं रीतसर केलं. पहिल्या दगडासाठी सिमेंटचा माल पसरून तो गुडघ्यांवर टेकला तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, की आपण पाच दिवस वेदीकडे पाठ करून गुडघे टेकणार आहोत.

त्याची आई चर्चमधून निघताना तीन पावलं उलटी चालत यायची. वेदीकडे पाठ म्हणून करायची नाही, असं तिने दोन्ही पोरांना कान धरून शिकवलं होतं. मिस्त्रीची मान जरा अवघडली.

"काय झालं दादा?"

"काही नाही रे. आई आठवली."

"फादर म्हणाले ना, देव सभागृहात आहे म्हणून. पाठ कुणाकडे? भिंतीकडे," मेहुणा म्हणाला आणि त्याने कटर सुरू केला.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी दगड समपातळीत आहेत का हे बघायला मिस्त्रीने पाणसळ लावली. रोजचीच सवय. काल बसवलेलं आज तपासायचं, मग पुढे जायचं. पाचवी ओळ बरोबर, चौथी बरोबर. पहिल्या ओळीवर पाणसळ ठेवली तर ती डुगडुगली.

दगडांत दोन खळगे होते. एक डावीकडच्या दगडात, एक उजवीकडच्या. वाटीएवढे खोल. मिस्त्रीने आधी मेहुण्याला झापलं, मग बाकं दुरुस्त करायला येणाऱ्या सुताराला शिव्या दिल्या (जपून), मग वाकून नीट पाहिलं. दगड फुटला नव्हता, खचला नव्हता. तो झिजला होता. कडा गुळगुळीत, तळ तेलकट चकाकणारा. मिस्त्रीने अशी झीज पाहिली होती, पण ती शंभर-दीडशे वर्षं माणसं वावरलेल्या जागी. हा दगड कालपर्यंत ट्रकमध्ये होता.

"कुणीतरी ग्राइंडर फिरवलाय," मेहुणा म्हणाला.

"आणि भुकटी कुठे गेली?"

मेहुण्याने इकडेतिकडे पाहिलं. दगडाची चिमूटभरही भुकटी नव्हती. "झाडून नेली असेल."

"कशाला?"

"मला काय माहीत? मी काय त्याच्या लग्नात होतो?"

मिस्त्रीला हसू आलं आणि बरं वाटलं. दगडातच दोष असणार, आतून मऊ निघाला असणार, असं त्याने स्वतःला बजावलं. दोन्ही दगड उचकटले, नवे बसवले. बसवता बसवता सहज, अगदी सहज, त्याने उचकटलेले दगड मधे एका दगडाची जागा सोडून ठेवले आणि आपला एक गुडघा खळग्यात टेकवून पाहिला. चपखल बसला असं नाही, खळगा मोठाच होता. दुसरा गुडघा दुसऱ्या खळग्यापर्यंत पोचला नाही. पाय फाकून फाकून जांघ दुखली तरी वीतभर अंतर उरलं.

"दादा, काय करतोयस?"

"माप घेतोय," मिस्त्री म्हणाला आणि झटकन उठला.

तिसऱ्या दिवशी सकाळी खळगे पहिल्या ओळीत होते. नव्या दगडांत. आणि तिसऱ्या ओळीत होते, पाचवीत होते, सातवीत, नववीत होते. दर चार फुटांवर एक जोडी, दारापासून आत येणारी. दहाव्या ओळीपर्यंतच दगड बसवले होते. नवव्या ओळीतले खळगे बाकीच्यांपेक्षा खोल होते, जणू तिथे कोणी पुष्कळ वेळ टेकून थांबलं होतं.

मिस्त्रीने त्या दिवशी दगड उचकटले नाहीत. फादरांना सांगावं असं दहादा मनात आलं, पण सांगायचं काय? तो मान खाली घालून पुढच्या पाच ओळी बसवत राहिला. फक्त एक गोष्ट त्याच्या डोक्यातून जाईना. जिथवर आपण बसवतो तिथवरच ते येतं. पुढची वाट आपणच करून देतोय.

मग त्याला वाटलं, उलटं वळून बसावं. वेदीकडे तोंड करावं, आईही खूश होईल. तो अर्धा वळलासुद्धा. पण मग पाठ त्या रिकाम्या वाटेकडे झाली आणि मानेवरचे केस उभे राहिले. त्याला ते जमलं नाही. तो पुन्हा पहिल्यासारखा बसला, तोंड दाराकडे, आणि त्याने थापी हातात घेतली.

३

रंगारी हा फार बोलका माणूस होता. भिंती रंगवायला तोही चर्चमध्ये रोज असायचा. शिट्टीवर गाणी वाजवायचा आणि मिस्त्रीला विचारल्याशिवाय एकही रंग ठरवायचा नाही, हे मिस्त्रीला मनातून आवडायचं.

चौथ्या दिवशी दुपारी विसावी ओळ बसत होती. मिस्त्री गुडघ्यांवर. मेहुणा मागे वेदीच्या बाजूच्या छोट्या खोलीत, जिथे फादर मिस्सेचा झगा चढवतात, तिथे कटरपाशी. खळग्यांची शेवटची जोडी सकाळी तेराव्या ओळीत होती. रंगारी शिडीवरून उतरला, नव्या वाटेवर चालत आला आणि पंधराव्या ओळीवर उभा राहून, वेदीकडे पाठ करून, मोठ्या दारावरची भिंत न्याहाळू लागला. कमरेवर हात, मान तिरकी.

"मिस्त्री, हा पिवळा जरा अंगावर येतो का हो?"

मिस्त्रीने वर पाहिलं. "नाही रे, बरा आहे की."

तेव्हा आवाज झाला. छिन्नीच्या एका घावात दगड दुभंगतो तसा. आणि लगेच दुसरा.

रंगारी बुटका झाला. म्हणजे मिस्त्रीला पहिल्यांदा एवढंच कळलं, की रंगाऱ्याची उंची कमी झाली. मग त्याला दिसलं, की तो गुडघ्यांवर आहे. आणि मग दिसलं, की आता आपल्याला त्याचं तोंड दिसतंय. आत्ता, क्षणापूर्वी, पाठ होती. त्याला कुणीतरी वळवलं होतं. पावलं मात्र अजून दाराकडेच होती. गुडघ्यांपासून वरचा माणूस वेदीकडे, गुडघ्यांपासून खालचा दाराकडे, आणि मधे पांढरी हाडं पॅन्टचं कापड फाडून बाहेर आलेली. दगडात त्याच्या गुडघ्यांखाली दोन खळगे होते आणि ते रक्ताने भरत होते.

रंगारी ओरडला नाही. तो मिस्त्रीच्या डोक्यावरून पलीकडे कुठेतरी पाहत होता आणि त्याचे हात हळूहळू वर येऊन एकमेकांना जुळले. ते त्याने जोडले की कोणी जोडायला लावले, हे मिस्त्रीला आजही सांगता येत नाही. बोटं इतकी घट्ट दाबली गेली, की त्यांतलं एक काडकन मोडलेलं ऐकू आलं. मग तो ओरडला. ते ओरडणं रुग्णवाहिका येईपर्यंत थांबलं नाही.

मेहुणा पाय ओढत धावत बाहेर आला, ते दृश्य पाहून भिंतीला टेकला आणि भडाभडा ओकला. मिस्त्री अजून होता तिथेच, गुडघ्यांवर. त्याला उठायचं होतं, पण अंग उठू देईना. आणि त्या अवस्थेतही त्याच्या डोक्यात एक विचार अगदी स्वच्छ येऊन बसला. आपल्याला काही झालं नाही, कारण आपण टेकलेले होतो.

४

"शिडीवरून पडला," फादर म्हणाले.

"शिडी तिकडे भिंतीला आहे, फादर. इथून वीस फुटांवर."

फादरांनी शिडीकडे पाहिलं. मग ते खाली बसले आणि एक ओलं फडकं घेऊन त्यांनी स्वतः ते दोन खळगे पुसायला घेतले. पुष्कळ वेळ पुसत राहिले. फडकं पिळायचे, पुन्हा पुसायचे.

"मी सगळं रीतीने केलं हो," ते म्हणाले, आणि एकाएकी शाळेतल्या पोरासारखे दिसू लागले. "भाकर नेली. दिवा मालवला. काय चुकलं माझं?"

"मला काय विचारता? मी फरशीवाला."

"पहिल्या वर्षी वेदीपाशी उभा राहिलो की माझे हात थरथरायचे. खरंच थरथरायचे. पेला सांडेल असं वाटायचं. मग सवय झाली." फादरांनी फडकं बादलीत टाकलं. "आता मिस्सा करताना माझ्या डोक्यात पंख्यांची दुरुस्ती असते. चार भिंती म्हणालो मी तुम्हाला. अगदी सहज म्हणालो."

मिस्त्रीला त्यांची दया आली आणि रागही आला. देवाचं काय ते ज्यांना कळायला हवं तेच असे हातपाय गाळून बसले, तर इतरांनी कुणाकडे बघायचं? तो घरी निघाला.

घरी मात्र त्याने चिमीला फादरांचंच वाक्य सांगितलं. रंगारी शिडीवरून पडला. दोन्ही पाय गुडघ्यापासून कापावे लागले, जगेल म्हणतात. खरं सांगितलं असतं तर तिने हंबरडा फोडला असता, आणि नवऱ्याला पुन्हा दाराबाहेर पडू दिलं नसतं. ते एका अर्थी बरंच झालं असतं, हे मिस्त्रीला नंतर कळलं. मेहुण्याला बाजूला घेऊन तो म्हणाला, "उद्या तू यायचं नाहीस. चार ओळी उरल्यात, मी एकटा उरकतो."

"सोडून दे ना, दादा. जाऊ दे खड्ड्यात ते काम."

"अर्धी वाट उघडी टाकून कसा येऊ? म्हातारी माणसं चालतात तिथून. आणि मला काही होत नाही. मी खालीच असतो." मिस्त्रीने त्याचा दंड पकडला. "तुला कळतंय ना मी काय सांगतोय? तुला टेकता येत नाही, बाबा."

मेहुण्याने आपल्या सरळ पायाकडे पाहिलं. "कळतंय," तो म्हणाला. "दोन वर्षांनी एक काम मिळालं होतं, तेही असलं."

५

पाचव्या दिवशी मिस्त्री एकटाच होता. ऊन चांगलं होतं. दक्षिणेच्या खिडक्यांमधून उन्हाचे चौकोन मधल्या वाटेवर पडले होते, एकामागे एक, दारापासून त्याच्यापर्यंत. खळग्यांची शेवटची जोडी एकोणिसाव्या ओळीत होती. मिस्त्रीने ती पाहिली, छातीवर क्रूस केला, आणि गुडघ्यांच्या गाद्या बांधल्या. त्या दिवशी तो गुडघ्यांवरूनच इकडेतिकडे सरकत राहिला. एकदाही उभा राहिला नाही.

दुपारपर्यंत तीन ओळी झाल्या. चोविसाव्या ओळीतले दोन अख्खे दगड बसले. कडेला उरला तेवढा एक तुकडा, पायरी तिथे पुढे आल्यामुळे कापून घालावा लागणारा. मिस्त्री त्याचं कालच घेतलेलं माप पुन्हा ताडून पाहत होता, तेव्हा दाराशी पडलेला उन्हाचा चौकोन विझला.

ढग आला असेल, त्याला वाटलं. पण पुढचे चौकोन तसेच लख्ख होते. मग दाराशी ऊन पुन्हा आलं आणि दुसरा चौकोन विझला. दगडावर दगड घासल्यासारखा एक जड, लांबट आवाज झाला. थांबला. दुसरा चौकोन उजळला, तिसरा विझला. पुन्हा तो आवाज.

मिस्त्री पाहत राहिला. वाटेवर काही नव्हतं. चांगला दिवसाढवळ्या उजेड, रिकामी वाट, आणि एकेक ऊन विझत, उजळत त्याच्याकडे येत होतं. छतापासून लोंबणारा मधला मोठा दिवा कुणाच्यातरी खांद्याला लागावा तसा बाजूला झाला आणि सावकाश परत आला. ते जे काय होतं, ते टेकलेलं असूनही छताला पोचत होतं. आणि ते वाकलेलं होतं. मिस्त्रीला ते कसं कळलं कोण जाणे, पण कळलं. मान खाली घालून, गुडघ्यांवर सरपटत ते येत होतं. तेराव्या ओळीतले जुने खळगे त्याच्या डोळ्यांदेखत करकरत आणखी खोल झाले.

तेवढ्यात मागच्या खोलीत कटर सुरू झाला.

कटर वीसेक सेकंद चालला आणि बंद झाला. मग एक पाऊल, आणि एक पाय ओढल्याचा आवाज. तो आवाज मिस्त्रीने झोपेतही ओळखला असता.

"चिमीने डबा दिलाय," मेहुण्याचा आवाज आला. "म्हणाली, दादा एकटा राबतोय आणि तू घरी बसतोस, लाज नाही वाटत? काय सांगणार तिला? मागच्या दाराने आलो. तू काल माप कटरपाशी खडूने लिहून ठेवलं होतंस, तुकडा कापून आणलाय." आणि तो पायरीवर येऊन उभा राहिला. हातात दगडाचा तुकडा, तोंड दाराकडे, पाठ वेदीकडे.

"खाली बस!" मिस्त्री किंचाळला. "खाली हो, खाली!"

"कसा होऊ? पाय..." मेहुणा हसत म्हणाला, आणि मग त्याला वाट दिसली. सतराव्या ओळीवरचं ऊन विझलं होतं. हातातला तुकडा निसटून पायरीवर फुटला.

"झोप! आडवा पड!"

पण मेहुण्याचं अंग ताठ झालं होतं. त्याला पडूही दिलं जात नव्हतं. डावा, चांगला गुडघा आपोआप वाकू लागला आणि त्याच वेळी त्याचा कमरेवरचा भाग कुणीतरी पिळल्यासारखा वेदीकडे वळू लागला. उजवा पाय मात्र जमिनीत रोवल्यासारखा सरळ. सळईवर भार आला. मांडीच्या आत काहीतरी करकरलं आणि मेहुणा ओरडला, "दादा, फाटतोय रे! मी फाटतोय!"

एकोणिसावी ओळ काळोखी झाली.

मिस्त्रीच्या हाताशी चार शेरांचा घण होता. त्याने विचार केला नाही. विचार केला असता तर हात उचललाच नसता. गुडघ्यांवर सरकत तो पायरीपाशी गेला आणि सगळा जीव लावून त्याने घण त्या सरळ पायाच्या गुडघ्यावर घातला. ठणकन आवाज झाला. सळई. हातांना झिणझिण्या आल्या. मेहुणा त्याच्याकडे पाहत होता, तोंड उघडं, अविश्वासाने. मिस्त्रीने दुसरा घाव घातला. कातडी फुटली, रक्ताची चिळकांडी त्याच्या तोंडावर आली. "मला माफ कर रे, माफ कर," असं तो बरळत होता आणि त्याने तिसरा घाव घातला. सळई वाकली. हाड शेवग्याची शेंग मोडावी तसं मोडलं, आणि मेहुणा दोन्ही गुडघ्यांवर खाली आला, तोंड वेदीकडे.

मिस्त्रीने एका हाताने त्याची मान धरली आणि त्याला खाली दाबलं. स्वतः कपाळ दगडाला टेकलं. त्या क्षणी त्यांच्या अगदी शेजारी, हातभर अंतरावर, दगड घासला आणि थांबला.

ऊन गेलं. गार पडलं. मिस्त्रीने डोळे इतके घट्ट मिटले होते की दुखत होते. तो वाट पाहत होता. आपल्या पाठीचा कणा आता मोडेल, मग आता मोडेल. काही झालं नाही. फक्त दगड थरथरत होते, त्याचं कपाळ त्यांवर बारीक बारीक आपटत होतं. आणि वर, फार उंचावर, एक आवाज येत होता. बराच वेळ त्याला तो ओळखता आला नाही. ओळखला तेव्हा त्याची पाचावर धारण बसली.

दात वाजत होते. ज्याने रंगाऱ्याला काडीसारखं पिळलं होतं, ज्याच्या गुडघ्यांखाली दगड लोण्यासारखा दबत होता, ते भीतीने कापत होतं. आणि त्याचं तोंड वेदीकडे होतं.

मिस्त्रीने पाच दिवस ज्याच्याकडे पाठ केली होती त्याच्याकडे आता त्याचं डोकं होतं, आणि ते वर उचलायची त्याची छाती झाली नाही. तो आईने शिकवलेली प्रार्थना आठवू लागला. पहिला शब्दसुद्धा आठवेना. मग त्याच्या लक्षात आलं, की मेहुण्याची मान त्याच्या हाताखाली नाही. ती कधीच निसटली होती. शेजारी मेहुणा ताठ टेकलेला होता, मोडक्या पायावर, आणि त्याचा श्वास अगदी शांत चालला होता. तो वर पाहत होता.

६

पाय मांडीच्या मध्यावर कापावा लागला. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, की जखम पडण्याची नाही, कुणीतरी मारल्याची आहे. तीन घाव मोजता येतात. चिमीने ते ऐकलं आणि ती भावाकडे वळली.

"कोणी मारलं?"

"मी."

तिला आधी कळलंच नाही. "म्हणजे?"

"मी मोडला त्याचा पाय, चिमे. घणाने."

तिने त्याच्या थोबाडीत मारली. मग दुसरी मारली, तिसरी मारली. तो हात खाली सोडून उभा राहिला. लोक बघत होते. "शब्द दिला होतास," ती म्हणत होती, "माझ्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला होतास." मिस्त्री रडत होता. एवढा मोठा बाप्या, लोकांसमोर, नाक गळेपर्यंत.

मेहुणा तिसऱ्या दिवशी सकाळी बोलला. खोलीत तिघंच होती. चिमी भावाशी बोलत नव्हती, पण त्याला तिने घालवलंही नव्हतं.

"त्याला मारू नकोस, चिमे," मेहुणा म्हणाला. "त्याने वाचवलं मला. माझं डोकं खाली दाबायला थोडा उशीर झाला, एवढंच."

मिस्त्री पलंगाजवळ आला. विचारू नये हे त्याला कळत होतं. तरी त्याने विचारलं. "काय होतं रे ते?"

"जे आलं होतं ते? त्याचं आपल्याकडे लक्षच नव्हतं, दादा. पायाखाली काय येतंय ते त्याला दिसतसुद्धा नव्हतं. बिचारं फार घाबरलं होतं."

"आणि वेदीवर?"

मेहुण्याचे डोळे भरून आले आणि कानांवरून उशीत वाहू लागले. "तिथून बघितलं मला," तो शेवटी म्हणाला. "मला. नावानिशी. जन्मात कुणी बघितलं नाही तसं. इतकी माया आहे रे तिथे, दादा. अंगाची साल निघेल इतकी." मग तो कोपरांवर उठू लागला. सलाइनची नळी ताणली, हातातली सुई उपसून आली, चादरीवर रक्त पसरलं. "मला परत ने. आत्ता ने. सरपटत येतो मी."

मिस्त्रीने त्याला खांद्यांना धरून खाली दाबलं. तो मेहुणा एरवी मिस्त्रीच्या अर्ध्या अंगाचा, पण दोघं भाऊ-बहीण अंगावर पडली तेव्हा कुठे आवरला. मोडका, कापलेला माणूस, आणि जोर असा की पलंग भिंतीवर आपटत होता. टाके सुटले. नर्स धावत आल्या, त्यांनी मनगटांना पट्टे बांधले.

तो शांत झाला तेव्हा चिमीने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, आपल्याकडे वळवलं आणि अगदी जवळ जाऊन हाक मारली. लग्नानंतर त्याला ठेवलेल्या लाडक्या नावाने. त्याने ती ऐकली. तो हसलासुद्धा, गर्दीत धक्का लागलेल्या अनोळखी बाईकडे बघून हसावं तसा. आणि तिच्या खांद्यावरून पलीकडे, खिडकीबाहेर, चर्चच्या दिशेला बघू लागला.

"दादा," चिमी म्हणाली. तीन दिवसांत पहिल्यांदा. "दादा, हा माझ्याकडे बघतच नाहीये रे."